काकूंचे नवे दात

चुका पोटात घाला. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे वेलांट्या त्यांच्या मर्जीनं पडतात आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण समोरच्या काकूंबद्दल लिहायचंच आहे, कारण त्यांच्याएवढं तोंडभर बोलणारं आणि तोंडभर हसणारं माणूस अख्ख्या प्रताप नगरात दुसरं झालं नाही.

काकूंचे दात म्हणजे घरातलं एक हत्यारच होतं. ऊस त्या दातांनी सोलत, सुतळीची गाठ दातांनी सोडत, आणि भाजीवाल्याला तर नुसते दाखवले तरी तो भाव उतरवी. मला परक्या माणसासमोर शब्द फुटत नाही. म्हणून मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून माझंही भांडण काकूच भांडत. मी शेजारी पिशवी धरून उभी. "तिले काहून लुटतं गा? बोलत नाही म्हणून?" असं त्या म्हणत, आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी जुडी फुकटात माझ्या पिशवीत पडे.

पुढे त्यांना शुगर झाली आणि दात एकेक करून हलायला लागले. पहिला पडला त्याच दिवशी नातवाचाही दुधाचा दात पडला. काकूंनी दोन्ही दात उंदरासाठी छपरावर फेकले. नातवाला नवा आला. काकू रोज आरशात बघत. "त्याचा आला, माहा काहून नाही येऊन राहिला वं?" त्या खरोखर रागावल्या होत्या. शेवटी स्लॅबच्या छपरावर उंदीर येत नसतील, असं आम्हा दोघींचं ठरलं.

समोरचे सगळे दात गेले तेव्हा मात्र काकूंनी तोंडाला पदर लावला तो काढलाच नाही. फाटकाशी येणं बंद, हसणं बंद. जेवण म्हणजे चहात बुडवलेली बिस्किटं. मग विसरायला लागल्या. एकदा गिरणीवर डबा घेऊन गेल्या, गहू घरीच. काकू अशाच गप्प झाल्या तर माझ्यासाठी बोलणारं कोण होतं?

काकूंच्या सुनेनं आम्हा दोघींना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. काकू पदराआड गप्प, मी जन्माची गप्प. बाई आळीपाळीनं दोघींकडे बघून विचारत होत्या, झोप लागते का, उदास वाटतं का, विसरता का, साखर किती? मला वाटलं, आपलं दार चुकलं. त्या म्हणाल्या, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. शुगरनं हिरड्या बिघडतात, दात गेले की माणूस मऊ आणि गोड खातो, त्यानं शुगर वाढते. लाजून घरात बसतो, मन खचतं, आणि खचलेलं माणूस उरलेले दातही घासत नाही. घरी येऊन मी पुष्कळ विचार केला, पण या गुंत्याचं टोक नेमकं कुठं आहे ते मला काही सापडलं नाही.

कवळी झाली. तरी काकू वाळतच होत्या. कारण कळलं ते त्यांच्या भाच्याच्या लग्नात, कळमेश्वरला. फोटोत त्या नव्या दातांनी मनसोक्त हसल्या, आणि पंगतीत पान वाढल्याबरोबर दात काढून, रुमालात गुंडाळून त्यांनी कमरेला खोचले. घरी तर म्हणे पेटीत, शालूच्या घडीत, कडुलिंबाचा पाला घालून ठेवत.

"जेवणानं झिजतीन ना वं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "एवढे चांगले दात!"

मला काय झालं कोण जाणे. "काकू, दात जेवायलेच असते!" मी ओरडले.

अख्खी पंगत वळली. वाढपी वड्यांची परात घेऊन जागीच थांबला. मला कुठं लपू असं झालं. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अवं माय, हिले तोंड हाये!" त्या म्हणाल्या. मग पाठ फिरवून दात बसवले, आणि वडा कडकडून चावला.

आता काकू पुन्हा फाटकाशी येतात, भाजीवाल्याला दात दाखवतात. साखरही जरा उतरली आहे. पण कधी कधी भांडण ऐन रंगात आलं की मधेच थांबतात. कशावरून भांडत होत्या तेच आठवत नाही. दात आले, मग हे आठवणं काहून परत आलं नाही? की हे दातांच्या आधीच गेलं होतं? काकू माझ्याकडे बघतात. भाजीवालाही बघतो.

मग मी पिशवी खाली ठेवते, आणि राहिलेलं भांडण पुरं करते.