हरवणारा आमच्याच बेटाचा

बुधवार पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात माझ्याशेजारी एक परदेशी विद्यार्थिनी बसली होती. तिचं छोटंसं बेट लवकरच स्वतःचा कारभार स्वतः पाहणार होतं. तिथल्या निवडणुकीचा त्या दिवशी निकाल होता आणि तिची आई त्या निवडणुकीला उभी होती. फोन दुरुस्त होईपर्यंत ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

अखेर घरी फोन लागला. ऐकताना तिचे डोळे भरले, मग ती हसली.

"आई हरली," ती आम्हाला म्हणाली. "पण हरवणारा आमच्याच बेटाचा आहे. आजीच्या वेळी राज्य करायला साहेब बाहेरून येत होते."

दुकानदार मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वेळी प्रचार नीट करा म्हणावं."

"पुढच्या वेळी मी उभी राहणार."

गेल्या मतदानाच्या सुट्टीला मी सिंहगडावर गेलो होतो. यंदा सकाळी सातलाच रांगेत होतो.