पट्ट्यानं धरलेला सूर्यभान

देवळाली प्रवऱ्याचा सूर्यभान बावीस वर्षं ठेक्यावर झाडं छाटत होता, आणि तेवढ्या काळात तीनदा पडला होता. चिंचेवरून पडला तेव्हा खांदा निखळला, लिंबावरून दोन फासळ्या मोडल्या, आणि जांभळावरून आला तो थेट खाली बांधलेल्या म्हशीवर. म्हैस आठवडाभर दूध देईना. तेव्हा कुठं ठेकेदार काकासाहेबानं त्याला झाडावर चढताना कमरेला बांधायचा, दोर लावलेला नवाकोरा पट्टा आणून दिला.

पहिल्याच दिवशी, श्रीरामपूरच्या रस्त्यालगतच्या वडावर, सूर्यभानच्या पायाखालची फांदी मोडली. कोयता खाली गेला. पट्ट्याचा दोर वरच्या फांदीला बांधलेला होता, म्हणून सूर्यभान तेवढा जमिनीपासून पंधरा फुटांवर लोंबकळत राहिला.

"हलू नको!" काकासाहेब ओरडला आणि त्यानं मोबाईल काढला. "पट्ट्यानं मानूस वाचला म्हनून ठेका देनाऱ्या सायबाला फोटो धाडतो. जरा हस की."

सूर्यभान हसला. मग कळलं, शिडी दुसऱ्या कामावर गेलीय.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. बायको, गोजरबाई.

"अहो, जेवायला येताय ना?"

"लटकलोय."

"कुठं?"

"वडाला."

"काम सोडून?"

तासाभरात त्याचे पाय बधिर झाले. रस्त्यावर गर्दी जमली. शेवटी लोकांनी उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे हिरव्या शेंड्यांनी, भरलेली ट्रॉली थांबवून त्याच्याखाली लावली आणि बांबूला बांधून कोयता वर दिला. सूर्यभाननं दोर तोडला आणि वाढ्यांवर गादीवर पडावं तसा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडूनही कुणालाच काही झालं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याला भरून आलं. दोन्ही हात जोडून तो ट्रॉलीवरून उतरायला गेला, बधिर पाय चाकावरून सटकला, आणि तीन फुटांवरून खाली येऊन त्याचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर चढत असताना काकासाहेब अपघाताचा कागद घेऊन आला. "ट्रॉलीवरून पडला असं लिवतो. उगं पट्ट्याचं नाव खराब नको."

"झाडावरून लिवा," सूर्यभान म्हणाला. "सारा जलम झाडावर गेला. ट्रॉलीवरून पडलो म्हनलं तर गावात तोंड कसं दाखवू?"

"आरं, पन पडला ट्रॉलीवरूनच ना!"

"आन् ट्रॉलीत आलो कुठून?"

काकासाहेबानं कागद मांडीवर घेतला. मग लिहिलं : 'झाडावरून ट्रॉलीमार्गे जमिनीवर पडला.'

सूर्यभाननं ते दोनदा वाचून घेतलं आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.