उस्तादांच्या लेकीचा चेहरा

फ्लोरियानो बेन्नातीबद्दल आमच्या बोलोन्यात कधी कुणी वाकडा शब्द काढला नाही, आणि तेच त्याच्या जिवाला लागत होतं. कमानींखालून तो चालू लागला की शिंपी हातातली सुई थांबवून त्याला नमस्कार करायचे. परगावचे श्रीमंत लोक जुनी चित्रं काखोटीला मारून त्याच्या दारात उभे राहायचे, हे कुणाच्या हातचं, ते कुणाच्या हातचं, विचारायचे. आणि हा आपला भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून जाणार. लोक म्हणायचे, एवढं नाव झालं पण केवढा विनय. विनय कसला डोंबलाचा, लाज होती ती. पण ती कशाची, हे दोन माणसं सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको दोरोतेया.

त्याचा बाप दोर वळायचा. पोरगा दोर वळायच्या जागी कोळशानं भिंती काळ्या करायला लागला, तेव्हा बापानं कान धरून त्याला उस्ताद एर्मेस यांच्या चित्रशाळेत नेऊन सोडलं. "माझ्या कामाचा नाही हा. तुमच्या कामाचा असला तर बघा," एवढंच म्हणाला आणि मागे न बघता निघून गेला. तिथे फ्लोरियानोनं वर्षानुवर्षं रंग घोटले. उस्ताद मोठा चित्रकार, पण बोलायला फटकळ. एके दिवशी त्यांनी पोराचं चित्र बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "फ्लोरियान, रंग काही तुला या जन्मात जमायचा नाही. पण तुझा हात कापत नाही. तू तांबं कोर."

बोल फार लागला त्याला. पण उस्तादांचं चुकलं नव्हतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरणी चालवणं, त्यात शाई भरून कागदावर छाप काढणं, हे त्याला असं साधलं की जशी आईच्या पोटातून विद्या घेऊन आलाय. या धंद्याची एक रीत आहे. आधी नुसती तोंडं गिरवायची. नाकं, कान, ओठ, हनुवट्या, उस्तादांनी घालून दिलेल्या, पुन्हा पुन्हा, डोळे मिटून येईपर्यंत. ओठ म्हटला की हात आपोआप त्या वळणानं जातो. पुढे माणूस विचार करत बसत नाही, हात करतो. फ्लोरियानोचा हातही असाच पक्का झाला.

उस्तादांच्या बायकोचं नाव ऑर्टेन्सिया. शाळेतली सगळी पोरं तिला 'बाई' म्हणायची. फ्लोरियानोला तिनं पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. तिची एकुलती एक लेक लाउदोमिया, भारी द्वाड. रंगाच्या भांड्यांत बोटं घालायची, फ्लोरियानोच्या पाठीवर बसून "चल रे घोड्या" म्हणत अंगणभर फिरायची. तिचा वरचा ओठ जन्मापासून एका बाजूला जरासा ओढलेला होता, त्यातून एक दात डोकावायचा. तिला शीळ घालायला जमायचं नाही, नुसती हवा निघायची, आणि मग ती चिडून फ्लोरियानोचे केस ओढायची.

एका सकाळी उस्तादांनी तिला खुर्चीत बसवलं आणि लाल खडूनं तिचं चित्र काढलं. "हलू नको ग, माझे आई," असं म्हणत म्हणत काढलं. देवमातेच्या तसबिरींना ते गोंडस करायचे, पण लेकीला मात्र होती तशी काढली, त्या ओढलेल्या ओठासकट. त्याच वर्षी तापानं पोर गेली. उस्तादही त्या दुःखातून उठले नाहीत. ऑर्टेन्सियाबाईंपाशी राहिलं ते घर आणि चुलीवरच्या भिंतीला टांगलेलं ते चित्र.

फ्लोरियानोनं पुढे स्वतःचं दुकान थाटलं. संतांची चित्रं छापायची, जत्रेत विकायची, असं सुरू झालं. आणि त्याला ते वेड लागलं. जुन्या चित्रकारांचे कागद जमवायचं वेड. चुरगळलेला असो, डाग पडलेला असो, कागद दिसला की याचे डोळे लकाकायचे.

"घरात मीठ नाही, आणि हा माणूस फाटके कागद आणतोय," दोरोतेया शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. "मेल्यावर मला यातच गुंडाळा."

आणलेला कागद तो पुठ्ठ्यावर चिकटवायचा, भोवती सोनेरी रेघ ओढायचा आणि खालच्या कोपऱ्यात आपला पितळी शिक्का मारायचा. संग्रह करणाऱ्यांची ही रीतच. शिक्का बसला की कागद त्याचा. ती शाई घासून निघत नाही, खरवडावी तर कागदच जातो.

एकदा पावसाच्या झडीत ऑर्टेन्सियाबाईंच्या भिंतीला ओल आली आणि चित्राचा कोपरा सुटला. बाई कागद शालीखाली झाकून त्याच्याकडे घेऊन आल्या. "एवढं डकवून दे रे बाबा. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायला जीव होत नाही."

त्यानं तो कागद खिडकीपाशी उजेडात धरला. पूर्वी तो रोज बघायचा, पण तेव्हा त्याला काही कळत नव्हतं. आता कळत होतं. अख्ख्या संग्रहात याच्या पासंगाला पुरेल असं काही नव्हतं. त्यानं आधी नुसती हौस म्हणून त्याची नक्कल केली, उस्तादांच्याच घरून आणलेल्या जुन्या कागदावर, तसल्याच लाल खडूनं. नक्कल हुबेहूब उतरली असं त्याला वाटलं. दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा त्याच्या मनात पाप शिरलं. पाप कधी एकटं येत नाही, बरोबर शहाणपण घेऊन येतं. तो स्वतःलाच समजावू लागला, तिथे चुलीच्या धुरात हे चित्र चार वर्षांत संपेल, माझ्याकडे शंभर वर्षं टिकेल. बाईंना काय, चेहरा दिसल्याशी कारण. हे सगळं मनाशी घोळवताना त्याचा हात सवयीनं शिक्क्याकडे गेला आणि खऱ्या चित्राच्या कोपऱ्यावर शिक्का बसला. तो दचकला. पण शिक्का बसायचा तो बसला.

नक्कल त्यानं धुरावर जरा धरली आणि बाईंकडे नेऊन दिली. बाईंनी ती हातात घेतली, डोळ्यांशी नेली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "आज कशी हसतेय बघ. तू साफ केलंस म्हणून उठून दिसतेय की रे."

मग त्याच्या ध्यानात आलं. घाईघाईनं घरी येऊन त्यानं खरं चित्र काढून बघितलं. नकलेत ओठ सरळ आला होता. लबाडी म्हणून नाही, त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. हातानं आपल्या सवयीचा, गिरवलेला, साजरा ओठ काढला होता. जन्मदात्या आईच्या हाती त्यानं दुसऱ्याच पोरीचं तोंड दिलं होतं, आणि ती त्याचे मुके घेत होती.

त्या दिवसापासून या माणसाला सुखाचा घास गेला नाही. दर रविवारी चर्चमधून येताना तो बाईंकडे जायचा. गेला नसता तर बरं, असं तुम्हाला वाटेल, पण न जाण्याचीही त्याला लाज वाटायची. मृतांच्या सणाला बाई बदामाच्या लहान गोळ्या करायच्या, त्यातल्या आधी चित्रापुढे ठेवायच्या आणि मग त्याच्या हातावर. "खा. तिच्या वाटचं आहे. तुझ्यावर फार जीव होता तिचा." तो त्या गोळ्या नुसत्या चघळत बसायचा. लाजेनं कानाच्या पाळ्या तापायच्या. बाई विचारायच्या, गोड जास्त झालंय का?

इकडे त्याचं नाव वाढतच गेलं. संग्रहातल्या सगळ्या चित्रांचे त्यानं छाप काढले, फक्त त्या एका चित्राला कोरणी लावली नाही. फ्लँडर्सहून आलेल्या एका बड्या व्यापाऱ्यानं ते बघितलं आणि खुर्चीतून उठून उभाच राहिला. "ही कोण?" त्यानं विचारलं. फ्लोरियानोनं कागद पुठ्ठ्यांखाली सारला. "कुणी नाही," तो म्हणाला. ते बोलल्यावर त्याला त्या पोरीच्या अंगावर थुंकल्यासारखं वाटलं.

दोरोतेयाला कळलं ते असंच, पुठ्ठे झाडताना. उस्तादांच्या घरी तिचंही जाणंयेणं होतं. ती चित्र घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. ओरडली नाही, तेच वाईट.

"ही इथे कशी?"

त्यानं हातातली कोरणी खाली ठेवली.

"मग तिथे भिंतीवर कोण आहे?"

दोरोतेयानं चित्र हळूच खाली ठेवलं. "मला वाटायचं, तू नुसता वेडा आहेस," ती म्हणाली. "वेड्याबरोबर संसार केला मी. पण तू चोर निघालास, आणि तेही कुणाच्या घरात, जिनं तुला वाढलं तिच्या."

कितीदा तरी तो ते चित्र घेऊन निघाला आणि चौकातून परत आला. शिक्क्याचं काय सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू, यात तो म्हातारा झाला. बाई तर त्याहून म्हाताऱ्या. डोळे तेवढे शेवटपर्यंत तीक्ष्ण होते, सुईत दोरा अजून स्वतः ओवायच्या.

मग बाई अंथरुणाला खिळल्या. पाद्री येऊन गेला, आणि बाईंनी निरोप धाडला की माझ्या शवपेटीत माझ्या हाताखाली लाउदोमियाचं चित्र ठेवा, ते काम फ्लोरियाननं करावं.

फ्लोरियानोनं पुठ्ठ्यांखालून तो कागद काढला. खरं चित्र परत करावं, तर ते मातीत जाऊन कुजणार. न करावं, तर आई खोटी लेक छातीशी धरून देवापुढे उभी राहणार. मला सांगायला शरम वाटते, पण या माणसानं यावर दोन दिवस विचार केला.

"कसला हिशेब करतोयस?" दोरोतेयानं विचारलं. "त्यांचं आहे ते. कुजेल नाहीतर राहील, तू कोण?" तिनं स्वतः चित्र फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात देऊन त्याला दाराबाहेर काढलं.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर नक्कल. तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला.

"बाई, मी चोर आहे."

"असं? कुणाचं काय उचललंस?"

"तुमचं." त्यानं फडकं सोडलं. "उस्तादांनी काढलेलं चित्र हे आहे. भिंतीवरचं माझ्या हातचं आहे. ओल आली होती ना, तेव्हा मी बदललं. इतकी वर्षं तुम्ही माझ्या चित्रापुढे गोळ्या ठेवताय."

बोलून टाकलं, आणि तो मार खायला वाकावं तसा वाकून बसला. त्याला वाटत होतं, त्यांनी शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी. बाईंनी चित्र हातात घेतलं, उजेडाकडे तिरकं धरलं, भिंतीवरच्याशी ताडून बघितलं. मग त्या हसल्या.

"वेडा आहेस का रे? भिंतीवरच्यासारखं काढणं तुला जमलं असतं, तर यांनी तुला तांब्याकडे कशाला धाडलं असतं? आणि या कागदाच्या कोपऱ्यात हा शिक्का कुणाचा? तुझाच ना?"

"बाई, ओठ बघा. वरचा ओठ ओढलेला होता तिचा. दात दिसायचा. शीळ वाजायची नाही तिची, आठवा ना." तो रडत होता. "माझे केस ओढायची हो ती."

बाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांचं कपाळ आक्रसलं, एकदा ओठही हलले. पण त्यांनी मान हलवली.

"नाही रे. माझ्या पोरीच्या तोंडाला काही नव्हतं. मी रोज बघते तिला, मला ठाऊक नसेल?"

तो चेहरा ओळखणारा त्या घरात आता तो एकटाच उरला होता, आणि त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. बाईंनी चित्र काळजीनं फडक्यात गुंडाळलं, लहान मुलाचं पांघरूण सारखं करावं तसं, आणि त्याच्या हातात परत दिलं.

"कुणाची तरी लेक आहे ती, फ्लोरियान," त्या म्हणाल्या. "तिची आई शोधत असेल तिला. असं दुसऱ्याचं ठेवू नये आपल्याजवळ. नेऊन दे तिला."

"देतो, बाई," फ्लोरियानो म्हणाला.