ने की ना

पेन्सिल,

तू मला दोनदा बजावलंस की माझ्यावर काही लिहू नकोस, आणि मी दोनदा हो म्हटलं. तरी लिहितेय. आपल्या चर्चच्या अंकाला ‘प्रभूची चालवणूक’, म्हणजे देवाने वाट कशी दाखवली, या विषयावर साक्षी, लोकांचे अनुभव, हव्या होत्या. आलेल्या वाचून मला जांभया आवरेनात. प्रत्येकाला देव कसा स्वच्छ, ठळक, नावपत्त्यासकट सांगतो! तुझ्यासारखी गत कुणाचीच झालेली नाही. तेव्हा रागवायचं तर खुशाल रागव, पण वाच. ‘तू, तू’ करत सांगितलं तर तू मध्ये तोंड घालशील, म्हणून परक्या बाईची गोष्ट असावी तशी सांगते.

ऑफिसात तिला सगळे पेन्सिल म्हणत. अंगाने तशीच, आणि अंबाड्यात कायम एक खोचलेली. चौतीस वर्षं तिने लघुलेखन केलं. साहेब बोलत, ती उतरवून घेई. साहेब शिंकले तर ही शिंकसुद्धा उतरवेल, असं शिपाई म्हणायचा. कान आणि हात यांच्यामध्ये तिचं डोकं कधी आडवं आलं नाही, एवढी ती कामात तरबेज होती.

लघुलेखनातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यात नुसती व्यंजनं लिहितात, स्वर लिहायला वेळच नसतो. स्वर ओळखायचा तो खुणेच्या जागेवरून. वहीच्या ओळीच्या वर खूण असली तर ‘आ’, ओळीवर टेकलेली असली तर ‘ए’. ज्याच्या हाताखालून हजारो पानं गेली त्याला हे डोळे झाकून कळतं. पण कागद कोरा असला, त्यावर ओळीच नसल्या, तर बसा बोंबलत.

निवृत्तीनंतर सहाच महिन्यांत तिच्या वहिनीला अर्धांगाचा झटका आला. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंद-भावजयीचं सख्य असं की, भाच्याच्या जन्मानंतर वहिनीने “आता आम्हाला ती खोली लागेल हं” एवढं एकच वाक्य बोलून पेन्सिलला घराबाहेर काढलं होतं. त्यानंतर बावीस वर्षं दोघी एकाच चर्चच्या दोन टोकांच्या बाकांवर बसल्या. भाचा परदेशी. त्याचा फोन आला.

“आत्या, आता तूच आहेस.”

“आत्या मी आधीपण होते रे,” ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

हॉस्पिटलने सांगितलं, शुक्रवारी सकाळी अकराला बेड रिकामा करा. घरी न्यायला कुणी न आल्यास वहिनीला शहराबाहेरच्या आश्रमात पाठवणार होते. पेन्सिलच्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि स्वतःची कंबर कामातून गेलेली. तिचं मन नाही म्हणत होतं, आणि तेच तिला टोचत होतं. देवाने ‘नको नेऊस’ म्हटलं, तर ते आपणच त्याच्या तोंडात घातलं असं वाटणार. ‘ने’ म्हटलं, तर ते आपल्या अपराधी मनाचं बोलणं वाटणार. मग त्याचं स्वतःचं बोलणं ओळखायचं तरी कसं?

ती पाळकसाहेबांकडे गेली.

“मनाला शांती वाटेल तिकडे वळा,” ते म्हणाले.

“शांती दोन्हीकडे नाही. दोन्हीकडे थकवा आहे.”

“थकव्यातही प्रभू बोलतो, बाई.”

“मग त्याला जरा मोठ्याने बोलायला सांगा.”

प्रार्थनासभेतल्या खजिनदारीणबाई म्हणाल्या, “मला तर बाई प्रभू बटाटे कुठल्या दुकानातून घ्यायचे तेसुद्धा सांगतो.”

“आणि सडके निघाले तर?”

“तर माझ्या ऐकण्यात चूक.”

मंगळवारी दुपारी ती वॉर्डात वहिनीच्या बेडजवळ स्टुलावर बसली होती. मांडीवर औषधांची चिठ्ठी, पाठकोरी, हातात पेन्सिल. प्रार्थना करता करता तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर एक खूण उमटलेली होती. बशीसारखी वाकलेली, छोटी, आडवी. म्हणजे ‘न’. एवढंच.

आपण हे लिहिल्याचं तिला आठवेना. चौतीस वर्षं माणसांचं उतरवून घेतलं, आज वरून डिक्टेशन आलं! पण कागदावर ओळ नव्हती. ‘ने’ म्हणावं तर ‘ने’. ‘ना’ म्हणावं तर ‘ना’.

ती तशीच चिठ्ठी घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, “देवाला मराठी येतं ना? मग एक मात्रा द्यायला त्याचं काय जात होतं?” ती हसली नाही. बुधवारी तिने चिठ्ठी खिडकीच्या काचेला लावून पाहिली. पुढच्या बाजूला औषधांच्या रकान्यांच्या रेघा होत्या, त्या मागून दिसल्या. खूण बरोबर दोन रेघांच्या मधोमध पडलेली.

गुरुवारी ती वहिनीला चमच्याने पेज भरवत होती. वहिनीच्या वाकड्या तोंडातून अर्धी पेज बाहेर येत होती आणि तिच्याबरोबर एक आवाज. “न... न...”

शेजारच्या बेडची चादर बदलणारी सिस्टर म्हणाली, “झटक्यापासून एवढंच येतं त्यांना. दिवसभर चालू असतं. तुम्ही ऐकलं नाहीत कधी?”

पेन्सिल सहा दिवस त्या स्टुलावर बसत होती. तिने ऐकलं नव्हतं. ती वर छताकडे कान लावून बसली होती, आणि खाली तिच्या हाताने, सवयीने, खोलीत जे कुणी बोलत होतं त्याचं लिहून घेतलं होतं.

तिला आधी स्वतःची लाज वाटली, मग हसू आलं, मग काहीच वाटेना. चमचा वाटीत ठेवून ती वाकली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने वहिनीच्या तोंडाजवळ कान नेला.

“काय म्हणतेस वहिनी? ने म्हणतेस? का नको म्हणतेस?”

“न...”

“नणंद म्हणतेस का गं मला?”

“न...”

स्वर तोंडातच नव्हता. आवाज नाकातून यायचा आणि तिथेच संपायचा. सिस्टरने उपाय सुचवला, बऱ्या हाताने हात दाबायला सांगा. पेन्सिलने विचारलं, “माझ्या घरी येतेस?” वहिनीने हात दाबला. “यायचं नाही ना?” वहिनीने पुन्हा दाबला, तितकाच.

भेटीची वेळ संपेपर्यंत ती तशीच वाकून ऐकत राहिली. कंबर भरून आली.

शुक्रवारी तिने वहिनीला घरी नेलं. दोन हमाल खुर्चीत घालून तीन मजले चढले, मागून पेन्सिल उशी आणि बेडपॅन घेऊन, दर जिन्याला बसत बसत.

“म्हणजे ते ‘ने’ होतं?” मी विचारलं.

“माहीत नाही. अकरा वाजले होते.” मग थांबून म्हणाली, “आश्रमात तिचं कोण ऐकणार होतं? आज ना उद्या स्वर आला तर जवळ कुणी नको?”

आता आठ महिने झाले. स्वर आलेला नाही. दिवसातून शंभरदा ‘न’ येतो. पाण्याचा ‘न’, कूस बदलण्याचा ‘न’, खिडकी लावण्याचा ‘न’ तिला वेगवेगळे कळायला लागलेत. बाकीचे कळत नाहीत, तेव्हा दोघी एकमेकींवर चिडतात. प्रार्थनेत ती हल्ली मागत काही नाही, नुसती बसते, आणि पुष्कळदा बसल्या बसल्या झोपते. खजिनदारीणबाईंनी तिला विचारलं, “मग प्रभू शेवटी काय म्हणाला?” ती म्हणाली, “प्रभूचं अजून नीट कळलं नाही. वहिनीचं निम्मं कळतं.” याच्यापेक्षा खरी साक्ष मी त्या सभेत ऐकलेली नाही.

आता पुन्हा तुझ्याशीच बोलते. वहिनी घरी आली त्याच आठवड्यात तू ती चिठ्ठी माझ्या हातात दिलीस. “कानाने नसेल ऐकलं, पण हाताने ऐकलं असेल. तिला यायचंच नव्हतं आणि मी ओढून आणलं, असं तर नाही ना?” तुला लघुलेखन शिकवणारे सर पुलापलीकडे मुलीकडे राहत होते. नव्वदी उलटली तरी नजर शाबूत. खुणेचा नुसता कल बघून ते स्वर सांगायचे, असं तू म्हणालीस. तुला घर सोडता येत नव्हतं. “तू जाशील? दहा मिनिटांचं काम आहे.”

मी म्हटलं, मंगळवारी जाते. त्या मंगळवारी गुडघा दुखत होता. पुढच्या मंगळवारी गुडघा बरा होता, तरी नाही गेले. त्यांनी ‘ना’ म्हटलं असतं, तर तुझ्या त्या तीन जिन्यांवर येऊन मी तुला ते कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? तूही पुन्हा विचारलं नाहीस. सर मागच्या महिन्यात वारले. चिठ्ठी माझ्याकडेच आहे.