नग एक, सुस्थितीत

जगात कुठलीच वस्तू हरवत नाही, तिच्यावर नंबर टाकायचा राहिलेला असतो, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांची सारी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. निवृत्त होऊन ते डहाणूजवळ चिखल्याच्या वाडीत राहायला आले, तेव्हा ऑफिसही त्यांच्या मागोमाग आलं. चिकूच्या झाडांवर पांढऱ्या रंगात नंबर, छत्र्यांच्या दांड्यांवर नंबर, स्वयंपाकघरातल्या झाऱ्यावरसुद्धा नंबर. कुत्र्याचं नाव पार्सल, मांजरीचं पावती. माझ्या लग्नात मांडवातून निघताना मामांनी माझ्या कोटाच्या खिशात हळूच एक चिठ्ठी सरकवली. आहेर असेल म्हणून मी घरी पोचल्या पोचल्या उघडली. आत लिहिलं होतं : 'जावई, नग एक. नाजूक. उलटा ठेवू नये.'

अशा माणसाला कुत्र्यामांजरांच्या कातडीखालीही नंबर बसवता येतो हे कळल्यावर तो गप्प बसणं शक्यच नव्हतं. डहाणूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, सुईनं मानेमागे कातडीखाली जाते. यंत्र फिरवलं की पंधरा आकडी नंबर दिसतो आणि त्या नंबरापुढे मालकाचा फोन नोंदलेला असतो. कुत्रा कुठे आहे ते चिप सांगत नाही, कोणाचा आहे एवढंच सांगते. मामा म्हणाले, "मग आणखी काय पाहिजे? कोणाचा आहे ते कळलं की झालं."

पार्सल वजनकाट्यावर ठेवल्यासारखा निमूट उभा राहिला. पावतीनं मात्र माझ्या खांद्यावर चढून दोन्ही दंडांवर आपली सही केली. मामा नंबर पाठ करण्यात गुंतले होते, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. आदल्याच आठवड्यात मी वाचनालयात मराठीच्या वापरावर पाऊण तास बोललो होतो. तो जोश अजून उतरला नव्हता. मी मामांचा फोन नंबर ठसठशीत मराठी आकड्यांत लिहिला आणि वळून डॉक्टरांकडे अभिमानानं पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर मामा रोज दिवा लावला की रामरक्षेच्या चालीवर पार्सलचे पंधरा आकडे म्हणत. पार्सल कान टवकारून ऐके.

चैत्रात आम्ही सुट्टीला वाडीत असताना विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला मामा त्याला टेम्पोतून घेऊन गेले. गर्दीत कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, पार्सलनं हिसडा मारला आणि मामांच्या हातात नुसता पट्टा राहिला. पहिले दोन दिवस मामा शांत होते. नंबर आहे, फोन येईल, असं आम्हालाच समजावत होते. जेवताना मोबाईल पानाशेजारी असे. चौथ्या दिवशी भाकरी अर्धीच राहिली. पार्सलच्या भांड्यातलं पाणी मात्र रोज सकाळी बदललं जात होतं. सहाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "इथे रेंज आहे ना हो?" मी मोबाईल हातात घेऊन उगाच बघितल्यासारखं केलं.

मग त्यांनी डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांतल्या जनावरांच्या डॉक्टरांना एकेक करून फोन लावला आणि प्रत्येकाला पंधरा आकडे म्हणून दाखवले. तलासरीचे डॉक्टर मधेच म्हणाले, थांबा, हा कुत्रा वेवजीच्या एका बाईंनी आणला होता, पायात काटा गेला होता. मी यंत्र फिरवलं, मालकाला फोनही केला, पण तो माणूस गुजरातीत म्हणाला, "अमारे त्यां कूतरो ज नथी," आमच्याकडे कुत्राच नाही. मामांनी विचारलं, फोन कुठला लावलात? डॉक्टरांनी नंबर वाचला. सगळा बरोबर, फक्त शेवटच्या एकाच्या जागी नऊ. मराठीतला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, हे माझ्या पाऊण तासाच्या भाषणात आलं नव्हतं.

"जावईबापू," मामा म्हणाले, "फॉर्म कोणी भरला होता?"

वेवजीपर्यंत मी वाटेतल्या मैलाच्या दगडांवरचे मराठी आकडे बघत बसलो.

त्या बाई भाताच्या खाचरापलीकडे राहत होत्या. कुत्रा बुधवारी आला म्हणून त्यांनी त्याचं नाव बुध्या ठेवलं होतं, आणि सुक्या बोंबलावर तो चांगला बाळसं धरून होता. मामांना पाहून तो असा धावला की मामा अंगणात खालीच बसले. बराच वेळ उठले नाहीत. मग डोळे पुसून त्यांनी खिशातून कागद काढला आणि पोच लिहून दिली : 'कुत्रा, नग एक, सुस्थितीत मिळाला.'

बाई कागदाकडे बघून हसल्या. "कागूद कशाला, बाबा? कुत्र्यानं वळखला ना तुला."

मामांनी तरीही पोच त्यांच्या हातात ठेवलीच.

याला आता काही वर्षं झाली. पार्सल म्हातारा झालाय. गेल्या महिन्यात मामा दुकानातून परतताना स्वतःचीच वाडी ओलांडून पुढे गेले. पार्सल फाटकाशी भुंकत राहिला, म्हणून थांबले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी माझ्या मेव्हण्याच्या नावानं हाक मारली, मग पंधरा आकडे न चुकता म्हणून दाखवले. निघताना मला बाजूला घेऊन सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा कागद पुढे केला.

"माझं नाव, गाव आणि तुमचा फोन लिहा. मी खिशात ठेवीन," म्हणाले. "आणि जावईबापू, आकडे इंग्रजीत."

मी दहाही आकडे इंग्रजीत लिहिले, तीनदा तपासले. खाली 'नाजूक' असं लिहावंसं वाटलं. पण मामा चष्मा लावून वाचत उभे होते.