सहा पंचवीसची नोंद

आमच्या शेजारच्या भावजींना अख्खी इमारत 'कुलूपराव' म्हणते. नाव मीच ठेवलंय आणि ते त्यांना ठाऊक आहे. घर बंद करून निघाले की दार ओढून बघायला पुन्हा दोनदा जिना चढतात. कॉलेजचं नेटवर्क सांभाळायला याहून योग्य माणूस सापडला नसता. त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकं देते-घेते, त्यामुळे त्यांचं घर आणि नोकरी, दोन्हीकडचा तमाशा मला बसल्या जागी दिसतो.

गेल्या महिन्यापर्यंत आमच्या साऱ्या फायली एकाच उघड्या फोल्डरमध्ये पडलेल्या असायच्या, पगारपत्रकाशेजारी सहलीचे फोटो. मग प्राचार्यांनी फर्मावलं, प्रत्येकाला ईमेल द्या आणि ज्याची फाइल त्यालाच उघडेल असं करा. भावजी दोन आठवडे डब्यासकट संगणकासमोर. प्रश्नपत्रिकांचं फोल्डर फक्त प्राचार्यांना आणि परीक्षा विभागाच्या कारकुनाला उघडेल, अशी त्यांनी व्यवस्था लावली.

त्या सकाळी ते माझा ईमेल सुरू करून द्यायला आले.

"वहिनी, पासवर्ड टाका. नवऱ्याचं नाव नको."

"ते कोण लक्षात ठेवतंय," मी म्हटलं.

मी टाइप करेपर्यंत ते पाठ फिरवून उभे राहिले. मग सवयीप्रमाणे त्यांनी तिथेच आदल्या दिवशीच्या नोंदी उघडल्या, कुणी कधी काय उघडलं त्याच्या. माउसवरचा हात थांबला. चेहरा पांढराफटक.

"सहा पंचवीस," एवढंच म्हणाले.

खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडलं. विद्यार्थ्याच्या खात्यातून प्रश्नपत्रिका उघडत नाहीत ना, हे त्यांना तपासायचं होतं. दुसऱ्याच्या पोराचा पासवर्ड मागणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून स्वतःच्या लेकीचं खातं वापरलं. ती इथेच दुसऱ्या वर्षाला. आधी तिला परवानगी दिली, फोल्डर उघडलं. आता परवानगी काढून ते बंद होतंय का बघायचं, तेवढ्यात प्राचार्यांचा ईमेल जाईना म्हणून बोलावणं आलं. भावजी उठले, आणि परवानगी काढायची राहिली ती राहिलीच. लेकीच्या खात्यावरची तीन चाळीसची नोंद त्यांची स्वतःची. सहा पंचवीसला त्याच खात्यातून फोल्डर पुन्हा उघडलं होतं, आणि तेव्हा तर ते माझ्यासोबत भाजीच्या रांगेत उभे होते. उद्या अकराला संख्याशास्त्राची परीक्षा, आणि लेक तिला बसणार.

त्यांनी आधी परवानगी काढली. मग नुसते पडद्याकडे बघत बसले.

"एक ओळ तर आहे," मी हळूच म्हटलं. "पुसून टाका."

"पुसता येते, वहिनी. मला एकट्यालाच येते. तीच तर पंचाईत आहे."

लेकीला फोन करून बोलावलं. ती आली, बापाचं तोंड बघितलं आणि न विचारताच बोलली, "हो, मीच. नवीन ईमेल बघत होते, बाजूला फोल्डर दिसलं. उघडलं, विषयाचं नाव वाचलं आणि बंद केलं. फाइल नाही उघडली."

नोंदीत फोल्डर उघडल्याचं होतं. आत काय वाचलं, ते नव्हतं.

"मग काल सांगितलं का नाहीस?"

"तुमची चूक निघाली असती म्हणून."

भावजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "प्राचार्यांना सांगावं लागेल."

"बाबा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण तो त्यांच्या टेबलावर कसा ठेवू?"

ती तरातरा निघून गेली. भावजी प्राचार्यांच्या खोलीत गेले, आणि मीही पुस्तकांची ढकलगाडी घेऊन त्याच व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. तिकडे माझं एकही पुस्तक नसतं, पण कुणी हटकलं नाही. दार अर्धवट उघडं होतं.

"ही नोंद तुम्ही पुसली असती तर मला कळलं असतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही, सर."

मी गाडीचं चाक धरून ठेवलं, कारण ते कुरकुरतं.

"मुलगी परीक्षेला बसेल," शेवटी ते म्हणाले. "पेपर मात्र नवा निघेल. आणि तुम्हाला लेखी ताकीद."

संख्याशास्त्राच्या सरांना संध्याकाळपर्यंत नवा पेपर काढावा लागला. त्यांनी सगळा राग त्या पेपरात ओतला. नव्या पेपरामागचं कारण अर्थातच कॉलेजभर झालं. यात माझा हात नाही, निदान सगळा नाही.

दुसऱ्या दिवशी अडीच तास भावजी व्हरांड्यात उभे. पोरंपोरी बाहेर पडताना त्यांच्याकडे खाऊ का गिळू असं बघत होती. लेक सगळ्यात शेवटी आली. वर्गातल्या एकाने दारातच टोमणा मारला, "तुला काय, बाबांनी आधीच सांगितला असेल."

"सांगितला असता तर तुझ्याआधी बाहेर आले असते," ती म्हणाली.

कालपासून ती बापाशी बोलत नव्हती. भावजी माझ्या कानाशी लागले, "वहिनी, कसा गेला विचारा ना तिला."

मी विचारलं.

"त्यांना सांगा, पास होईन."

ते तीन पावलांवर तर उभे होते. तरी मी जाऊन सांगितलं.