पिंपाला चढलेला ताप

किस्से गोळा करायला गाव फिरावं लागत नाही. घरात एक जावई ठेवा, पुरे! आमचा सतीश नांदगावचा, जहाजावर नोकरीला. गावात मोबाईल नवे नवे आले तेव्हा सुट्टीत आमच्याकडे देवबागेत आला तो एक पांढरं पिंप, घरी बिअर करायचं परदेशातलं सामान आणि थर्मामीटर घेऊन. मी चौथी नापास माणूस. दारूला थर्मामीटर लावतात हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मामांनू, बिअर आंबताना विसाच्या वर जाऊक नको."

"जावयबापू, मे म्हयन्यात हय मी वीस डिग्रीत रवणंय नाय, तुमची बिअर कशी रवतली?"

*

पहिलं पिंप ठेवलं माळ्यावर. का, तर लोकांची नजर नको! वर तापलेली कौलं. काय व्हायचं ते झालं. चव बघायला आला बाबी. हा माझा दोस्त, होडीवाला, तोंडाला कुलूप नाही. त्याने ग्लास हुंगला.

"सतीशा, बिअर केलंस काय केळ्याची शिकरण?"

सतीश समजवायला लागला, "यीस्ट म्हणजे जिते जंतू, बाबीकाका. गरम झाले की नको तितक्या काम करतत, आणि असो वास सोडतत."

मी म्हटलं, "म्हणजे बाबीचे भाऊबंद!"

*

दुसऱ्या खेपेला बाबीनेच शहाणपणा केला. होडीवरचा मासळीचा क्रेट आणला, पिंप त्यात बसवलं आणि भोवती बर्फ ठासला. पिंपाला गॅस जायला एक नळी होती, ती वितळलेल्या पाण्यात बुडली. पिंप एकदम गार पडलं आणि त्याने नळीतून ते बांगड्याचं पाणी आत ओढून घेतलं!

आमच्या हिने झाकण काढून वास घेतला नि म्हणाली, "आता बांगड्याच्या सारासारखी हेच्यात तिरफळा तेवडी घालूची रवली!"

*

मग सतीशने माझ्या मुलीची, म्हणजे त्याच्या बायकोची, खोली धरली. पिंपाला ओली गोणपाटं गुंडाळली, समोर टेबलफॅन लावला आणि थर्मामीटर घेऊन बसला. शेजारची काकी डोकावली, घाबरून हळूच विचारते, "कोण आजारी आसा गो?"

माझी मुलगी नंदा वैतागून म्हणाली, "पिंप!"

तेवढ्यात लाईट गेली, ती दुसऱ्या दिवशी आली. परत केळं!

मग नंदा उखडली. "खोली गेली, पंखो गेलो. आता एकदाच पुरतला इतक्या सामान रवला आसा. ह्या येळाक बिघडला तर पिंपात मी तांदूळ भरतलंय!"

सतीशचं तोंड एवढंसं झालं. जहाजावरचे लोक सुट्टीत घरी बिअर करून पितात, हा सहा महिने तिथे तेच स्वप्न बघत होता बिचारा.

*

शेवटचं पिंप त्याने दोरीने विहिरीत सोडलं. तरी पारा काही खाली येईना. मी म्हटलं, आता राखणदाराला, आमची जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं. आमच्या परसातल्या फणसाच्या मुळाशी त्याची जागा. वर्षाला कोंबडा आणि बाटली त्याला चुकत नाही. सगळे हात जोडून उभे राहिले, मी बोलणार आणि बाकीचे होकार भरणार.

"बा राखणदारा म्हाराजा! जावयान भायल्या देशातसून पिंप हाडल्यान आसा. तेचो ताप उतरव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"विसाच्या वर जाऊ दी नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मला जोर चढला. "बिअर निवळली काय आख्खा पिंप तुझ्या पायार ठेवतंय रे म्हाराजा!"

बाबीने जोडलेले हात सोडले. सतीश मात्र सवयीने सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "होय म्हाराजा!" आणि मग त्याचे डोळे मोठे झाले.

बिअर निवळली. अगदी सोन्यासारखी! सतीश माझ्या मागे मागे. "मामांनू, एकच गलास?"

"देवाक उष्टा दितंस?"

बोललो म्हणजे बोललो. संध्याकाळी पिंप फणसाखाली नेऊन ठेवलं. सकाळी जाऊन बघतो तर ठणठणीत रिकामं!

नंदा तांदळाची टोपली घेऊनच आली. "बिअर बरी झाली काय नाय, ह्या आता कोण सांगतलो?"

कोण सांगणार? सतीश तर पिंपाला मिठी मारायचाच बाकी होता. तेवढ्यात कुंपणाकडून बाबी आला. डोळे लाल, डोक्याला ओला पंचा.

"गो नंदा, थांब, तांदूळ भरू नको! राखणदार राती माझ्या सपनात इलो. म्हणालो, जावयाक सांग, ह्या येळाक केळ्याचो वास नाय!"